शिगेची वाटी

फळ्यावर दोन वाक्यं होती. एकात 'बॉरो', दुसऱ्यात 'लेंड'. आठवीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, थंडीचे दिवस. वारा फिरला की मिरचीचा ठसका खिडकीतून आत यायचा आणि खोकल्याची लाट मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत पोचायची. नंदुरबार तालुक्यात मिरचीच्या हंगामात इंग्रजी शिकवायचं ते असंच.

दोन्ही शब्दांचे अर्थ मुलांनी वहीत उतरवले होते: उसने घेणे, उसने देणे. घोळ तिथूनच सुरू व्हायचा. मराठीत 'उसने' हा शब्द दोन्हीकडे सारखाच राहतो, पुढचं देणे-घेणे तेवढं बदलतं. इंग्रजीत अख्खं क्रियापद बदलतं. म्हणून 'लेंड मी युअर पेन' म्हणायचं तिथे मुलं बेधडक 'बॉरो मी युअर पेन' म्हणायची. दरवर्षी मी एकच युक्ती सांगायची. दोघांना पुढे बोलवायचं, एकाच्या हातातलं पेन दुसऱ्याच्या हातात द्यायला लावायचं आणि वर्गाला विचारायचं, यानं काय केलं? त्यानं काय केलं? वस्तू आपल्याकडे आली तर बॉरो, आपल्याकडून गेली तर लेंड. पेन एकदाच सरकतं, पण तुम्ही कुठे उभे आहात त्यावर क्रियापद ठरतं. एवढं समजलं की परीक्षेत एक गुण पक्का.

त्या दिवशी खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेऊन दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जायचे आणि ती आजीजवळ राहायची. तिनं विचारलं, "मॅडम, मुकादम उचल देतो ते काय? बॉरो की लेंड?"

मी म्हटलं, "मुकादमाच्या बाजूनं लेंड, तुझ्या वडलांच्या बाजूनं बॉरो."

तिनं ते लिहून घेतलं. मग मान वर करून म्हणाली, "पण मॅडम, उसनं परत देतात. उचल कोणी परत देत नाही. ती फिटते. नाहीतर फिटत नाही."

घंटा झाली. मुलं बाहेर पळाली. फळा पुसताना माझ्या लक्षात आलं की माझं उत्तर व्याकरणात बरोबर होतं, तरी त्या मुलीला ते पुरलं नव्हतं. तिचं वाक्य मात्र माझ्या मनातून गेलं नाही.

माझं माहेर कोरीट. नंदुरबारहून तिकडे जाताना काळी जमीन लागते, कापूस, मिरची, ज्वारी. आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घराची भिंत एकच होती. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज गेली की गिरणी बंद, आणि गिरणी बंद म्हणजे पीठ संपलेल्या घराची पंचाईत. अशा वेळी काकूंचा आवाज ओट्यावरून यायचा, "वाटीभर पीठ दे वं माय, सकाय देसू." सकाय म्हणजे उद्या. अहिराणीतलं हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं आहे की 'उसनं' या शब्दाबरोबर मला ते आधी ऐकू येतं, अर्थ नंतर.

माय पीठ द्यायची ते मी जवळून पाहिलं आहे. डब्यात वाटी बुडवायची, वर काढायची, आणि तशीच उचलून काकूंच्या परातीत ओतायची. पीठ भुसभुशीत असायचं, वाटीत हवा असायची, कडेला सपाट. ती वाटीच दोन्ही घरांचं माप. दुसऱ्या दिवशी काकू यायच्या तेव्हा वाटी वेगळी भरलेली असायची. त्यांनी ती भरताना जमिनीवर एकदा ठोकलेली असायची. ठोकली की पीठ खाली बसतं आणि वर बोटभर जागा होते. ती जागा पुन्हा भरायची, आणि त्यावर शीग लावायची, टोकदार, वाट चालताना सांडेल इतकी. घेताना सपाट, देताना शिगोशीग. आम्ही त्यांच्याकडून आणलं की मायही तसंच करायची. ठोकून भरलेल्या शिगेच्या वाटीत सपाट वाटीपेक्षा किती जास्त पीठ मावतं हे कधी कुणी मोजलं नाही. मोजलं असतं तर ते व्याज झालं असतं.

सगळंच उसनं मिळत नसे. दिवेलागणीनंतर मीठ, दूध, दही द्यायचं नाही, हा नियम होता. विरजण दिवसा मिळायचं, पण ते परत द्यायचं नसतं. चमचाभर दही नेलं, त्याचं पातेलंभर दही झालं, तरी तो चमचा परत आणून देणारी बाई मी पाहिली नाही. विस्तवाचंही तसंच. आजी सांगायची, तिच्या वेळी काड्यापेटीची काटकसर असायची. सकाळी ज्या घराच्या चुलीतून धूर दिसेल तिथून गोवरीच्या तुकड्यावर निखारा आणायचा. निखारा दिल्यानं देणाऱ्याची चूल विझत नाही. देणाऱ्याचं काही कमी झालं नाही तर परत काय करायचं? म्हणून त्याला उसनं म्हणत नसत. विरजण 'मागून' आणायचं, विस्तव 'मागून' आणायचा.

आणखी एक गोष्ट वर्गात मुलांनीच मला दाखवून दिली. पुस्तकातला अर्थ 'उसने घेणे', पण कुणीही मुलगा शेजाऱ्याला "पेन उसनं दे" म्हणत नाही. "जरा पेन दे ना," एवढंच. उसनं असतं पीठ, साखर, तेल, पैसे. जे वापरलं की संपतं आणि ज्याच्या बदली त्याच जातीचं, तेवढंच दुसरं द्यायचं असतं. पेन, काहील, खलबत्ता, शिडी या जशाच्या तशा परत येणाऱ्या वस्तू. त्या 'वापरायला' न्यायच्या. इंग्रजीला हा फरक क्रियापदात दिसत नाही. तिथे पीठही बॉरो, शिडीही बॉरो. जुन्या रोमन कायद्यानं मात्र यासाठी दोन वेगळे करार मानले होते. तीच वस्तू परत करायची तो 'कोमोडाटम', त्याच जातीची दुसरी परत करायची तो 'म्यूटुअम'. कायदेपंडितांना जी रेघ ओढावी लागली ती कोरीटच्या ओट्यावर बोलण्यातच ओढलेली होती.

इंग्रजीनं रेघ दुसरीकडे ओढली: देणारा आणि घेणारा यांच्या मधोमध. पण तीही पहिल्यापासून एवढी ठळक नव्हती. 'बॉरो' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'बोर्ग'वरून आला, आणि 'बोर्ग' म्हणजे तारण, जामीन. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी हमी आहे. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत 'बोर्गेन' हे एकच क्रियापद आजही दोन्ही बाजूंनी चालतं, उसनं देणं आणि उसनं घेणं, अगदी आपल्या 'उसनं'सारखं. 'लेंड'च्या शेवटचा 'ड' तर मुळात नव्हताच; भूतकाळाच्या रूपातून तो नंतर मूळ क्रियापदाला चिकटला. मुलं 'बॉरो मी' म्हणतात तशी चूक इंग्लंडातल्या काही बोलींतही सर्रास होते. हे कळल्यावर मी त्या चुकीवर रागावणं सोडलं. देणारा-घेणारा हे दोघं एकाच शब्दात राहू शकतात, हे ज्या मुलांना घरी माहीत आहे त्यांना ते वेगळे करायला वेळ लागणारच.

मग मी मराठीतल्या शब्दांकडे नव्यानं पाहू लागले, आणि एक गोष्ट दिसली जी इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती. मराठीत कर्जाला आपण 'देणं' म्हणतो. "माझ्यावर देणं झालंय." ज्यानं घेतलं त्याच्या अंगावर देणं! आणि ज्यानं दिलं त्याला आपण काय म्हणतो? घेणेकरी. घेणेकरी दारात येऊन उभा राहतो. ज्यानं पैसे घेतले तो कोशात देणेकरी. दोन्ही नावं उलटी लागली आहेत, असं वाटेल. ती उलटी नाहीत. इंग्रजी क्रियापद वस्तू हातातून हातात गेली त्या क्षणाकडे बघतं: कोणाकडून गेली, कोणाकडे आली. मराठी शब्द त्या क्षणाला मागे टाकतो आणि पुढच्या दिवसाकडे बघतो. आज घेतलंस ना, म्हणजे उद्या द्यायचं आहेस; आतापासूनच तुझं नाव देणारा. "मी त्याचे शंभर रुपये देणं लागतो," यातलं 'लागणं' बघा. जणू ते शंभर रुपये दोघांमधली एक दोरी आहेत.

संस्कृतात हे आणखी सुंदर आहे. कर्ज असणं सांगायला तिथे 'धारण करणे' या अर्थाचं क्रियापद येतं आणि ज्याचे पैसे आहेत त्याच्या नावाला चतुर्थी लागते. त्यासाठी पाणिनीनं अष्टाध्यायीत खास नियम केला आहे. म्हणजे वाक्य असं होतं: हा माणूस अमक्यासाठी शंभर धरून आहे. पैसे माझ्या हातात, पण त्याच्यासाठी. मला यापेक्षा सभ्य वाक्य कर्जाबद्दल माहीत नाही. त्याच संस्कृतात दुसरे दोन शब्द मात्र बोचरे आहेत. कर्ज देणारा उत्तमर्ण, घेणारा अधमर्ण. एकाच ऋणात एक उत्तम आणि एक अधम. मराठीनं व्यवहाराच्या भाषेत धनको आणि ऋणको असे शब्द रुळवले. त्यांत निदान कुणाची पायरी काढलेली नाही. आणि 'उधार' हा शब्द संस्कृत 'उद्धार'पासून आला आहे, वर काढणं या अर्थाच्या. अडलेल्याला वर काढणं. दुकानातल्या 'आज रोख, उद्या उधार' या पाटीवरच्या शब्दाचं माहेर एवढं मोठ्या मनाचं आहे.

परत करण्याची क्रियापदंही आपण वेगवेगळी ठेवली आहेत, आणि त्या मुलीनं नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. उसनं 'परत करतात'. कर्ज 'फेडतात'. फेडणं म्हणजे सोडवणंही. अंगाला गुंडाळलेलं लुगडं फेडतात, बोललेला नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. कर्ज अंगाला वेढे घालून बसलेलं असतं, ते एकेक वेढा उलगडत काढायचं. आणि उचल? उचल 'फिटते'. या वाक्यात माणूस कर्तासुद्धा नाही. तो राबतो आणि ती आपली फिटते, किंवा फिटत नाही.

उचल म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात घरात दाणे नसतात, शाळेचा खर्च असतो, कुणी आजारी पडतं, एखादं लग्न ठरतं. तेव्हा मुकादम येतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो; जोडपं म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर रक्कम मिळते. दिवाळीनंतर ट्रक भरून बारडोलीच्या, सुरतेच्या बाजूला जायचं, उन्हाळा तापेपर्यंत ऊस तोडायचा आणि टनाच्या हिशेबानं ती रक्कम वळती करायची. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून जाणाऱ्या या तोडणी मजुरांवर १९७८ साली लिहिलं. आगाऊ दिलेली रक्कम हीच मजुराला बांधून ठेवणारी दोरी कशी होते, हे त्यानं तेव्हाच मांडलं होतं. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. काही वेळा हातात चार पैसे येतात. काही वेळा बाकी निघते आणि ती पुढच्या वर्षाच्या कोयत्यावर चढते.

पीठ आणि उचल यांत फरक रकमेचा आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. पिठाच्या वाटीत आज काकू घेणारी आणि उद्या माय घेणारी. मंगळवारी जी देणारी ती शुक्रवारी मागणारी. कुणाची जागा ठरलेली नाही. उचलीत मुकादमाला त्या मुलीच्या वडलांकडून कधी उचल घ्यावी लागत नाही. तिथे जागा ठरलेल्या आहेत. पिढी बदलते, जागा बदलत नाहीत. इंग्रजीतली दोन क्रियापदं अशा व्यवहाराला नेमकी शोभतात: एक जण कायम लेंड करणारा, एक जण कायम बॉरो करणारा. 'उसनं' हा शब्द तिथे बसतच नाही, आणि आमच्या लोकांनी तो तिथे कधी वापरलाही नाही. त्यांनी 'उचल' हा शब्द काढला. उचलणं. त्यात परतीचा मागमूस नाही.

आपल्या मुलखाचा इतिहास या ठरलेल्या जागांविरुद्धच्या रागानं भरलेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. तिथून पसरलेल्या त्या उठावात लोकांनी मुख्यतः शोधले आणि जाळले ते कागद, कर्जरोखे. कोण देणारा आणि कोण घेणारा हे ज्यावर कायमचं कोरलं गेलं होतं, तो कागद. १८७९ मध्ये सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्या यादीत नव्हता. तापीच्या खोऱ्यात भिल्लांच्या जमिनी गहाणात जात राहिल्या. ज्याची जमीन, तोच आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याच जमिनीवर सालदार म्हणून ठरू लागला. पुढे आदिवासी नेते अंबरसिंग महाराज यांच्या पाठीशी शहाद्याच्या परिसरातले आदिवासी एकवटले. १९७२ साली तिथे भूमुक्ती मेळावा भरला, श्रमिक संघटना उभी राहिली. आणि १९७४ साली महाराष्ट्रानं जो कायदा केला तो अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याचा. 'परत' हा शब्द एका कायद्याच्या नावात यायला एवढी वर्षं आणि एवढी माणसं लागली. काकूंच्या वाटीत तो दुसऱ्या दिवशी सकाळीच यायचा.

परतीची गोष्ट मुलांना आपोआप सुचते. आमच्या शाळेत सेमी इंग्रजी सुरू झालं आणि वजाबाकीच्या तासाला 'बॉरो' ऐकू येऊ लागलं. एककात कमी पडलं की शेजारच्या दशकाकडून एक बॉरो करायचा. मराठीत आपण त्याला 'हातचा' म्हणत आलो. एका लहान मुलानं गणिताच्या बाईंना विचारलं, "बाई, तो परत कधी देतो?" त्या पद्धतीत परत द्यायचा नसतोच. पण वजाबाकीची एक जुनी रीत होती जिच्यात वर दहा घेतले की खालच्या दशकात एक वाढवायचा, आणि इंग्रजी शाळांत ती शिकवताना 'बॉरो करा आणि परत फेडा' असंच म्हणत. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर गणितानं एकेकाळी देऊन ठेवलं होतं.

भाषांच्या बाबतीतही इंग्रजी 'बॉरो' म्हणते. एका भाषेनं दुसरीचा शब्द घेतला की तो बॉरो केलेला. आपण पोर्तुगीजांकडून 'पगार' घेतला, 'बटाटा' घेतला, 'चावी' घेतली. कुणी ते परत मागायला आलं नाही, कारण शब्द दिल्यानं पोर्तुगीजांची भाषा रिकामी झाली नाही. माझ्या आजीच्या हिशेबानं ही उसनवारी होत नाही, हे विरजण आहे. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर पसरलेली लाल मिरचीही तशीच आलेली. अमेरिका खंडातलं रोप, पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरलं, आणि आपण त्याला आपल्या मिऱ्यावरून नाव दिलं. आज मैल-मैल लाल दिसणारी ती जमीन पाहिली की वाटतं, चमचाभर विरजणाचं केवढं दही झालं.

मराठीत बेफिकिरी सांगायची असली की आपण म्हणतो, "मला त्याचं काही देणंघेणं नाही." मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. या भाषेत ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याच्याशी नातंच नाही. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधला एक बाप परदेशी निघालेल्या मुलाला बॉरो आणि लेंड या दोन्ही क्रियापदांपासून लांब राहायला सांगतो. पैशाच्या बाबतीत तो शहाणा असेलही. पण असा उपदेश कोरीटमध्ये पाळणाऱ्या घराला लोक श्रीमंत म्हणाले नसते. पेरणीला एक बैल कमी पडला तर दुसऱ्याचा आणून सावड करायची, आपली पाळी आली की आपला पाठवायचा. सातपुड्यातल्या भिलाला आदिवासींच्या वस्त्यांमध्ये अख्खी वस्ती एकेकाच्या शेतावर राबते आणि त्याला 'लाह' म्हणतात. ज्याला कुणाकडे काही मागावं लागत नाही, त्याच्या दारातही कुणी येत नाही. ते घर एकटं पडतं.

त्या मुलीनं तो प्रश्न आज विचारला तर मी तिला सांगेन: तुझं बरोबर होतं. व्याकरण तुला एवढंच सांगेल की वस्तू कुठून कुठे गेली. पण त्यापुढे नेहमी आणखी एक प्रश्न विचार. हे दोघं उद्या जागा बदलू शकतील का? शकत असतील तर ते उसनं आहे, मग पीठ असो की पाच हजार रुपये. शकत नसतील, तर त्याला कोणतंही गोड नाव असू दे, ते उसनं नाही. आणि मी हेही सांगेन की तुझ्या हातातली वही आणि तू शिकत असलेली ही परकी क्रियापदं, त्या ठरलेल्या जागेवरून उठण्यासाठीच आहेत. आता मी वर्गात पेन नेत नाही, वाटी नेते. आधी सपाट भरून दाखवते, मग ठोकून, मग शीग लावून. क्रियापदं त्यानंतर फळ्यावर येतात.

ती वाटी काकूंची आहे.

एका आखाजीला त्यांनी आमरस पाठवला होता, स्टीलच्या वाटीत. त्या काळी भांड्यांवर मशीननं ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेत, लग्नकार्यात हरवू नयेत म्हणून. वाटीच्या काठाखाली काकांचं नाव होतं, त्यापुढे मु. कोरीट. मायनं वाटी घासून पुसून फळीवर ठेवली. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. नवी तूर भरडली की डाळ घालून देऊ, म्हणाली. मग म्हणाली, कुरडया झाल्या की देऊ. काकूंच्या घरात एक वर्ष कापूस गेला, दुसऱ्या वर्षी पाऊस. देणं फिटेना. एके दिवशी पहाटे टेम्पोत सामान चढलं आणि काका-काकू सुरतेला, उधन्याला, यंत्रमागाच्या कामाला निघून गेले. गावात कित्येक दिवस चर्चा होती, कुणाकुणाचे किती बुडाले याची. आमच्या ओट्यावर कुणी तो विषय काढला की माय फळीकडे बघायची आणि एवढंच म्हणायची, "आपणच तेस्नं देणं लागतस." तेस्नं म्हणजे त्यांचं. अख्खं गाव ज्यांच्याकडे घेणेकऱ्याच्या नजरेनं बघत होतं, त्यांचीच एक बाई देणेकरी होती, एका वाटीची.

माय गेल्यावर घर आवरताना ती वाटी माझ्या वाट्याला आली. गेल्या हिवाळ्यात काकूंचा पत्ता मिळाला. मी कळण्याचं पीठ दळून घेतलं, ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र. वाटी जमिनीवर ठोकली, पुन्हा भरली, शीग लावली, वर फडकं बांधलं आणि नंदुरबारहून उधन्याच्या गाडीत बसले. काकू आता फार थकल्यात. त्यांनी फडकं सोडलं, काठाखालचं नाव बोटानं चाचपलं, कळण्याच्या पिठाचा वास घेतला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

निघताना त्यांनी पीठ डब्यात ओतून घेतलं, वाटी पुसली, तीत साखर भरली, ठोकली, शीग लावली आणि माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं, "काकू, वाटी तुमचीच आहे."

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "परत देवाले येशी ना?"